सायकलसाठी जीपीएस कुठला घ्यावा आणि त्याच्यावर भरवसा किती ठेवावा

नोव्हेंबर आला की बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचं, नवीन वर्ष सुरू होतं आणि त्याच्या महिनाभर आधीपासून ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, कुठला जीपीएस घेऊ? उत्तर देणारा प्रत्येकजण स्वतःकडे जो आहे त्याचंच नाव सांगतो, कारण तीस-चाळीस हजार घातल्यावर तो वाईट आहे असं कोण कबूल करणार. तर मी मॉडेल सांगत बसत नाही, बघायचं काय ते सांगते, आणि घेतल्यावर रिटर्नची मुदत संपायच्या आत घरच्या घरी तपासायचं कसं तेही.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. आपण सगळे अचूकतेवरून भांडतो, तुझ्यात १०१.२ आले माझ्यात १००.७ कसे वगैरे, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रात्री अडीच वाजता अनोळखी फाट्यावर स्क्रीन काळी पडली की, किंवा घरी येऊन सेव्ह दाबलं आणि फाइलच उघडेना झाली की. राइड पूर्ण लिहून ठेवणारं आणि ती नंतर आपल्या हातात देणारं यंत्र ते भरवशाचं, मग अर्धा टक्का इकडेतिकडे झालं तरी चालतंय.

मुळात वेगळा जीपीएस हवाच का हे स्वतःला विचारा. रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन मिसळ खाऊन परत येणार असाल तर खिशातल्या मोबाईलवर स्ट्राव्हा हे राइड नोंदवणारं ॲप चालू करा आणि ते पैसे चांगल्या टायरवर घाला, सिरियसली सांगतेय. वेगळं यंत्र लागतं ते राइड मोबाईलच्या बॅटरीपेक्षा लांब व्हायला लागली की, रस्ता अनोळखी असला की, किंवा हार्ट रेट आणि पॉवर, म्हणजे पेडलवर लागणारी ताकद, बघत ट्रेनिंग करायचं असलं की. मोबाईल हँडलला लावून मॅप चालू ठेवला तर उन्हात तो तापतो, ब्राइटनेस आपोआप कमी होतो, पाऊस आला की थेंबच स्क्रीन दाबत बसतात, आणि रात्री काही झालं, फोन लावायची वेळ आली की बॅटरी चार टक्के.

हवाच असेल तर ढोबळ तीन गट आहेत. पाच हजारांच्या आसपास एक्सॉस, सायकप्लस वगैरे, यात स्पीड आणि अंतर दिसतं, सेन्सर जोडता येतात आणि राइड अपलोड होते, रस्ता दाखवायचं काम विसरा. त्याच्या वर आयजीपीस्पोर्ट आणि ब्रायटन, यांच्या मधल्या मॉडेलमध्ये रूट टाकता येतो पण बऱ्याचदा काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर नुसती एक रेघ दिसते आणि आपण त्या रेघेवर चालायचं. मग गार्मिन एज ५४०-८४०, वाहूचे बोल्ट आणि रोम, हॅमरहेड कारू, यात पूर्ण नकाशा असतो. किमती सेलला भरपूर हलतात म्हणून नेमके आकडे देत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने मधल्या गटातलं घ्यावं, त्यातली रेघ ९० टक्के बीआरएमना पुरते, कारण हायवेच्या रूटवर वळणं असतात किती.

आता बॅटरी, आणि इथे जरा वेळ घालवा कारण बॉक्सवरचा आकडा आणि खरा आकडा यात बराच फरक असतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. आता बघा, गार्मिनचं छोटं एज १३० प्लस कंपनीच्याच म्हणण्यानुसार १२ तास चालतं, म्हणजे २०० सुद्धा आरामात करणाऱ्याला ते पुरणार नाही. वाहू बोल्टचं दुसरं व्हर्जन १५ तास, एज ५३० चे २० तास, एज ५४० चे २६ तास. हे सगळे कंपनीने सांगितलेले. त्यात तुम्ही रूट चालू ठेवणार, तीन सेन्सर जोडणार, रात्री बॅकलाइट लावणार, मोबाईलची नोटिफिकेशन चालू ठेवणार, मग मी सरळ दोन तृतीयांश धरते. घेतल्या घेतल्या फुल चार्ज करून तुम्ही खरंच वापरणार ते सगळं चालू करून तीन तासांची राइड करा आणि किती टक्के उतरली ते लिहून ठेवा, एवढं केलं तरी अंदाज येतो.

पॉवर बँक आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना केबल लावली तर यंत्र रेकॉर्ड करत राहतं का कॉम्प्युटरला जोडल्यासारखं वागून राइड थांबवतं, हे घरी लावून बघा. दुसरी म्हणजे पाऊस. आयपीएक्स७ हे पाणी अडवण्याचं रेटिंग, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण झाकण बंद असताना आणि स्थिर पाण्यात. केबल लावायला रबराचं झाकण उघडलं की झाकणावर टिकलेल्या यंत्रांचं ते संरक्षण संपलं, आणि ओल्या पोर्टला करंट दिला की आतल्या पिना हिरव्या पडतात. पावसात चार्ज करायचंच असेल तर ढाब्यावर थांबा, कापसाने नाहीतर कोरड्या रुमालाच्या कोपऱ्याने पोर्ट पुसा आणि मग लावा.

बटणं का टच, यावर माझं मत पक्कं आहे, बटणं. जुलैमध्ये ताम्हिणीत जाऊन बघा टच स्क्रीन काय करते ते, आपोआप पानं बदलते, मधेच लॅप मारते, आणि पाऊस नसला तर घामाने भिजलेलं बोट चालत नाही. एज ८४० मध्ये टच आणि बटणं दोन्ही आहेत आणि ५४० मध्ये नुसती बटणं, बाकी दोन्ही जवळपास सारखेच, मग जास्तीचे पैसे कशाचे ते तुमचं तुम्ही ठरवा. दुकानात बटणं दाबून बघताना ग्लोव्ह्ज घालून दाबा. काही बटणं इतकी खाली, पोटाशी असतात की आउटफ्रंट माउंटवर, म्हणजे हँडलच्या पुढे निघणाऱ्या स्टँडवर, लावल्यावर बोटच जात नाही.

नकाशाचं म्हणाल तर बहुतेक कंपन्यांचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून बनतात. आपल्याकडे हायवे आणि राज्य मार्ग चांगले आहेत पण गावातले रस्ते कुणी कधी टाकलेत त्यावर. नकाशात पक्की रेघ दिसते आणि प्रत्यक्षात उसाच्या शेतातली बैलगाडीची वाट निघते. म्हणून आयोजकांनी दिलेला रूट असेल तर रीकॅल्क्युलेशन आधी बंद करा. ते चालू असलं की चहाला पन्नास मीटर आत वळलात तरी यंत्र नवा रस्ता शोधायला लागतं, आणि शोधलेला रस्ता ट्रॅक्टरचाच असायची शक्यता जास्त. बंद असलं की ते फक्त ओरडतं, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स, तेवढं बास. आणि रूट आदल्या दिवशी टाकून मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा आणि मग रूट उघडतोय का, वळणाची सूचना येते का ते बघा. काही स्वस्त यंत्रांची वळणं मोबाईलच्या ॲपमधून येतात, घाटात रेंज गेली की वळणंही गेली. ६०० चा रूट एकाच फाइलमध्ये टाकला की काही यंत्रं गुदमरतात, त्याचे दोन-तीन तुकडे करून ठेवलेले बरे.

सॅटेलाइटबद्दल जाहिरातीत फार शब्द फेकतात, त्यातलं कामाचं एवढंच. जीपीएस अमेरिकेचं, ग्लोनास रशियाचं, गॅलिलिओ युरोपचं, बायडू चीनचं, आणि हल्लीची बहुतेक यंत्रं यातली तीन-चार एकदम ऐकतात, त्यामुळे तो प्रश्न उरलेला नाही. आपलं नाविक आहे का म्हणून अडून बसू नका, बाकीचे पुरेसे आहेत. खरा फरक पडतो तो ड्युअल बँडने, म्हणजे एल१ च्या जोडीला एल५ ही फ्रीक्वेन्सी ऐकता येणं. सिग्नल कड्यावर किंवा उंच टॉवरवर आपटून उशिरा पोचला की यंत्राला वाटतं आपण दुसरीकडेच आहोत, आणि एल५ वर असा आपटून आलेला सिग्नल ओळखायला सोपा जातो. लोअर परळच्या टॉवरांमधून रोज सायकल चालवत असाल किंवा वरंधा घाटासारख्या कड्याला चिकटलेल्या रस्त्यांवर वारंवार जात असाल तर ड्युअल बँडचे पैसे वसूल. सोलापूर रोडला वाऱ्याशी भांडत सरळ जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

नवीन यंत्र पहिल्यांदा चालू केलं की गच्चीत मोकळ्या आभाळाखाली पंधरा मिनिटं नुसतं ठेवून द्या. सॅटेलाइट स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी परत परत पाठवत असतो पण सगळ्या सॅटेलाइटची यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. नंतर ॲपशी सिंक होत राहिलं की ही माहिती इंटरनेटवरून येते आणि फिक्स, म्हणजे आपली नेमकी जागा, पटकन मिळतो. महिनाभर सिंक न करता पार्किंगमधून थेट निघालात आणि पहिला एक किलोमीटर वेडावाकडा आला तर त्यात यंत्राला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आता तपासणी. ही मला सगळ्यात आवडते.

अंतरासाठी आधी एक सरळ, उघडा रस्ता घ्या, जाऊन येऊन पंधरा-वीस किलोमीटरचा. राइड अपलोड झाली की नकाशा पूर्ण मोठा करा. जातानाची रेघ रस्त्याच्या एका कडेला आणि येतानाची दुसऱ्या कडेला दिसली पाहिजे, कारण आपण दोन्ही वेळा डावीकडूनच चाललोय. उघड्या आभाळाखाली चार-पाच मीटरची चूक नॉर्मल आहे, त्यामुळे रेघा एकमेकींना थोड्या चिकटल्या तर हरकत नाही, पण रेघ रस्ता सोडून शेतात जात असेल किंवा जाताना आणि येताना अंतरात दीड-दोन टक्के फरक पडत असेल तर काहीतरी गडबड आहे. सेटिंगमध्ये जाऊन रेकॉर्डिंग दर सेकंदाला आहे का ते पण बघा. स्मार्ट रेकॉर्डिंग वगैरे नावाखाली जागा वाचवायला काही यंत्रं मोजकेच पॉइंट लिहितात, मग घाटातल्या हेअरपिन सरळ कापल्या जातात आणि पसरणी घाट कागदावर आखूड होतो.

चाकाचे फेरे मोजणारा स्पीड सेन्सर असेल तर चाकाचा घेर स्वतः मोजा, पंधरा मिनिटांचं काम आहे. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली येईल असं चाक उभं करा, फरशीवर खडूने खूण करा, मग सायकलवर बसा, पूर्ण वजन टाकून, घरातल्या कुणालातरी हँडल धरायला लावा आणि सरळ रेषेत चाकाचे पाच फेरे पुढे जा. व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी खूण. मधलं अंतर टेपने मोजून पाचने भागा. ७०० बाय २८ च्या टायरला तक्त्यात २१३६ मिलिमीटर लिहिलेलं असतं पण माणूस बसल्यावर टायर दबतो त्यामुळे थोडं कमी येतं. त्यात एक टक्का चूक राहिली तर २०० किलोमीटरमागे दोन किलोमीटर, म्हणजे कंट्रोल, म्हणजे बीआरएममध्ये हजेरी लावायची जागा, आला का नाही या विचारात घालवलेली दहा मिनिटं.

सेन्सर घ्याच असं माझं म्हणणं. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, आत सिग्नल नाही, सेन्सर असला की अंतर मोजणं चालूच राहतं, नसला की यंत्र आत शिरलेल्या आणि बाहेर पडलेल्या पॉइंटमध्ये सरळ रेघ मारतं किंवा मधलं सोडूनच देतं. आणि चढावर ताशी सात-आठच्या स्पीडला झाडीखाली जीपीएसचा स्पीड सारखा शून्यावर जातो, ऑटो पॉज, म्हणजे थांबलो समजून रेकॉर्डिंग आपोआप थांबणं, लागतो, सुटतो, लागतो, नुसता वैताग. ऑटो पॉज बीआरएमला बंदच ठेवा. तिथे घड्याळ तुम्ही चहा पिताना पण चालू असतं, मूव्हिंग टाइम बघून खूश होण्यात काही अर्थ नाही.

उंचीचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर लोक उगाच कंपनीला बोल लावतात. चांगल्या यंत्रात उंची हवेच्या दाबावरून काढतात, कारण सॅटेलाइटवरून काढलेली उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते. एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की साधारण आठ-साडेआठ मीटर चढलो असं यंत्र समजतं. आता गंमत अशी की आपल्या भागात हवेचा दाब रोज आपोआप वरखाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. म्हणजे सकाळी दहाला गच्चीत ठेवलेलं यंत्र चार वाजता पंचवीस-तीस मीटर वर चढलेलं दिसतं, जागचं न हलता! करून बघा एकदा, सावलीत ठेवून. जर तेवढ्याच वेळात शंभर-दीडशे मीटर हललं आणि वादळबिदळ काही आलेलं नसेल तर सेन्सर खराब, बदलून घ्या.

म्हणून सिंहगडाला दोघांची चढाई पाचपन्नास मीटरने वेगळी आली तर ते सोडून द्या. घरून निघून घरी आल्यावर सुरुवातीची आणि शेवटची उंची जवळपास जुळते का, आणि एकूण चढ व एकूण उतार साधारण सारखे येतात का, एवढंच बघा. पुणेकरांनी दाराशी साधारण ५६० मीटर धरून कॅलिब्रेट करावं, मुंबईकरांचं तर सोपं, जुहूला जाऊन उभं राहा. पावसात मात्र एक खास त्रास होतो. यंत्राच्या पाठीमागे किंवा खाली टाचणीएवढी भोकं असतात, त्यातून हवेचा दाब आत पोचतो, त्यात पाणी किंवा चिखल बसला की उंची एकाच आकड्यावर गोठते नाहीतर सपाट रस्त्यावर डोंगर दाखवते. तिथे टाचणी खुपसू नका, आतलं पातळ आवरण फाटतं. साध्या पाण्याखाली धरून, उलटं करून हलकं झटका आणि वाळू द्या.

आणि मी सुरुवातीला म्हटलं ती फाइल. रेकॉर्डिंग चालू ठेवून एखाद्या छोट्या राइडमध्ये मुद्दाम यंत्र बंद करा, पॉवर बटण दाबून धरून. परत चालू केल्यावर राइड पुढे चालू ठेवू का असं त्याने विचारलं पाहिजे, आणि आधीचे किलोमीटर शाबूत पाहिजेत. हे जमलं नाही तर बाकी कितीही फीचर असोत, परत करा. मग केबल लावून लॅपटॉपवर फाइल उतरवता येते का ते बघा, बहुतेकांमध्ये एफआयटी नावाची फाइल मिळते, ती हाताने स्ट्राव्हावर चढवता येते. हे का सांगतेय, तर जुलै २०२० मध्ये रॅन्समवेअर हल्ल्यामुळे गार्मिनची सगळी सेवा काही दिवस बंद होती, तेव्हा ज्यांना केबलने फाइल काढता येत होती त्यांचं काहीच अडलं नाही. जे यंत्र फक्त स्वतःच्या ॲपमधूनच राइड बाहेर देतं ते मी तरी घेणार नाही, उद्या ॲप बंद पडलं तर काय करायचं. अपडेटचंही तसंच, मोठ्या राइडच्या आठवडाभर आधी काहीही अपडेट करू नका, कितीही नोटिफिकेशन येऊ देत.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी थोडं. तिकडे स्वस्त मिळतं हे खरं पण वॉरंटी इथे चालते का ते लेखी विचारून घ्या. आणि येणाऱ्या भावाला नीट सांगा की सायकलचा जीपीएस हवाय, इनरीचसारखं सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र नाही. सायकलचा जीपीएस सॅटेलाइटचं फक्त ऐकतो, त्याला काही अडचण नाही, पण सॅटेलाइटवरून बोलणारी उपकरणं आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि विमानतळावर उगाच चौकशीत अडकायला होतं. क्रॅश डिटेक्शनवरही, म्हणजे पडलात की घरी मेसेज पाठवणाऱ्या सोयीवरही, फार विसंबू नका, तो मेसेज तुमच्या मोबाईलच्या नेटवर्कवरून जातो, रेंज नसेल तर घरी काही कळणार नाही.

सेकंडहँड घेताय तर आधी तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा काउंटर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचं असं ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं, आणि फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, न सुधारलेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. किलोमीटर ठीक येतात पण राइड भलत्याच वर्षात जाऊन पडते. मग पाठीमागचे माउंटचे दोन दात बघा, झिजले असतील तर खड्ड्यात यंत्र उडतं, तसंही दोरी बांधूनच वापरा. बटणांचं रबर फाटलंय का, पोर्टच्या पिना हिरव्या आहेत का, आणि विकणाऱ्याने स्वतःच्या अकाउंटमधून यंत्र काढलंय का हे त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत लोक. शक्य असेल तर फुल चार्ज करून आणायला सांगा आणि त्याच्याच बिल्डिंगखालून एक तासाची चक्कर मारा, बॅटरी दहा टक्क्यांहून जास्त उतरली तर किंमत कमी करून मागा, नाहीतर सोडून द्या.